चिठ्ठी, माल, पोच: लिनक्स कर्नलमधून यूएसबी बोर्डाशी कंट्रोल मेसेजने बोलायचं कसं

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं चार माणसांचं युनिट आहे. बेदाणा ठेवतात त्या शीतगृहांसाठी तापमान आणि आर्द्रता मोजणारे छोटे बोर्ड आम्ही बनवतो. बोर्ड यूएसबीने एका लिनक्सवाल्या छोट्या कॉम्प्युटरला लागतो आणि आकडे पडद्यावर दिसतात. बोर्ड बनवणं आम्हाला जमत होतं. कर्नलमधून त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर लिहिताना मात्र माझे दोन महिने गेले. त्यातला निम्मा वेळ एका चुकीत गेला, ती चूक सातव्या पायरीत सांगतो. तुमचे दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

तुम्हाला सी भाषा येते, पॉइंटर म्हटलं की घाम फुटत नाही, आणि ‘हॅलो वर्ल्ड’ छापणारं कर्नल मोड्यूल एकदा तरी चढवून उतरवलंय, एवढं मी गृहीत धरतो.

एक खुलासा आधीच. फंक्शनांची नावं इथं बोलतो तशी देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि मध्ये खालची रेघ घालून येतात. ‘एमएसजी’ ही तीन अक्षरं आहेत, मेसेजचा संक्षेप. ‘आरईसीव्ही’ ही चार अक्षरं, तोंडाने सगळे रिसीव्हच म्हणतात. हेक्समधले आकडे ‘हेक्स ४०’ असे लिहिलेत.

१. आधी ठरवा: कर्नलमध्ये शिरायची गरज आहे का?

बहुतेकांना नसते. बोर्डाला दोन-चार आज्ञा द्यायच्या आणि उत्तर घ्यायचं एवढंच काम असेल तर कर्नलबाहेरून यूएसबीशी बोलणारी लिबयूएसबी किंवा पायथॉनमधली पायूएसबी ही लायब्ररी पुरते. तिथं चूक झाली तर तुमचा प्रोग्रॅम मरतो. कर्नलमध्ये चूक झाली तर सगळं मशीन बसतं, वर फाइल सिस्टीम तपासायची वेळ येते ती वेगळीच.

आम्हाला गरज पडली, कारण शीतगृहात आधीपासून चालणारं सॉफ्टवेअर तापमान फक्त कर्नलच्या एचडब्ल्यूमॉनकडून, म्हणजे हार्डवेअर मॉनिटरकडून वाचत होतं. ते सॉफ्टवेअर आमचं नव्हतं, बदलता येत नव्हतं. असलं काही कारण असेल तरच पुढं वाचा. (बाहेरच्या सेन्सरसाठी कर्नलमध्ये आयआयओ नावाची जास्त योग्य जागा आहे, हे मला पुढं कळलं. पण गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर जिथं बघतं, आकडा तिथंच द्यावा लागतो.)

२. काय काय लागेल

- जुना, हातचा लॅपटॉप. रोजच्या कामाच्या मशीनवर ड्रायव्हर घडवू नका. मी घडवला, आणि जीएसटीचं रिटर्न भरायच्या दिवशी मशीन गोठलं.
- लिनक्स कर्नल ५.१० किंवा त्यापुढचा. ही आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली आणि आपल्याला हवी ती दोन नवी फंक्शनं, सेंड आणि रिसीव्ह, तिच्यापासूनच आहेत.
- डेबियन किंवा उबुंटू असेल तर ही पॅकेजेस: बिल्ड-इसेन्शियल, चालू कर्नलची लिनक्स-हेडर्स, यूएसबीयूटिल्स, पायथॉन३-यूएसबी. वायरशार्क, म्हणजे यूएसबीवरची ये-जा बघायचं साधन, हवंच असं नाही, पण असलेलं बरं.
- बोर्डाचा व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी. एलएसयूएसबी चालवलं की दिसतात. बोर्ड स्वतःचा असेल आणि आयडी विकत घेतलेला नसेल, तर घरच्या चाचणीपुरता पीआयडी डॉट कोड्सचा हेक्स १२०९ : ०००१ वापरता येतो. तो चाचणीसाठीच आहे, विकायच्या मालावर घालायचा नाही.
- बोर्डाच्या आज्ञांचा कागद. कुठल्या नंबरच्या आज्ञेला काय द्यायचं आणि किती बाइट परत येतात, हे लिहिलेलं हवं. फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या आतला प्रोग्रॅम, तुमच्याच शेजारी बसून कुणी लिहिलं असलं, तरी हा कागद बनवून घ्या. ‘डोक्यात आहे सगळं’ हे उत्तर चालत नाही.
- यूएसबी २.० च्या स्पेसिफिकेशनचं नववं प्रकरण. बाकीचं जाडजूड पुस्तक राहू दे बाजूला.

मशीनवर सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेलं मोड्यूल कर्नल चढवूनच घेत नाही. चाचणीच्या लॅपटॉपवर ते बायॉसमधून बंद करा. गिऱ्हाइकाच्या मशीनवर मात्र मोड्यूलला रीतसर सही करावी लागते.

३. चिठ्ठी, माल, पोच

कंट्रोल मेसेज समजायला मला मार्केट यार्डातलं अडत दुकान उपयोगी पडलं. तिथं व्यवहार तीन टप्प्यांत होतो. आधी चिठ्ठी जाते: काय हवंय, किती हवंय. मग माल हलतो. शेवटी पोच येते: मिळाला, सही. यूएसबीतही तेच तीन टप्पे आहेत: सेटअप, डेटा, स्टेटस. एंडपॉइंट म्हणजे उपकरणाचं नंबर दिलेलं दार. हा सगळा व्यवहार एंडपॉइंट शून्यवर चालतो, आणि तो प्रत्येक यूएसबी उपकरणाला असतोच.

चिठ्ठी नेहमी कॉम्प्युटरच लिहितो. बोर्ड आपण होऊन बोलत नाही. पोच मालाच्या उलट्या दिशेने जाते: माल बोर्डाकडून आला तर पोच कॉम्प्युटर देतो, माल बोर्डाकडे गेला तर पोच बोर्ड देतो. काही वेळा मालच नसतो, नुसती आज्ञा असते. तेव्हा चिठ्ठी आणि पोच, दोनच टप्पे, आणि पोच बोर्डाकडून येते.

चिठ्ठी बरोबर ८ बाइटची असते, कमी नाही, जास्त नाही. तिच्यात पाच रकाने:

रिक्वेस्ट-टाइप, १ बाइट. माल कुठल्या दिशेने, आज्ञा कुठल्या जातीची आणि कुणासाठी. सगळ्यात वरचा बिट १ असेल तर माल बोर्डाकडून येणार, ० असेल तर बोर्डाकडे जाणार. पुढचे दोन बिट जात सांगतात: ० स्टँडर्ड, १ क्लास, २ व्हेंडर. खालचे पाच बिट: ० म्हणजे अख्खं डिव्हाइस, १ इंटरफेस, २ एंडपॉइंट.
रिक्वेस्ट, १ बाइट. आज्ञेचा नंबर.
व्हॅल्यू, २ बाइट. आज्ञेसोबतचा एखादा छोटा आकडा.
इंडेक्स, २ बाइट. बहुधा इंटरफेसचा किंवा एंडपॉइंटचा नंबर. व्हेंडरच्या आज्ञेत याचा अर्थ बोर्ड बनवणारा ठरवतो.
लेंग्थ, २ बाइट. माल किती.

आपण स्वतः ठरवलेल्या आज्ञा व्हेंडर जातीच्या. म्हणून दोन आकडे पाठ करून टाका: बोर्डाकडून वाचायला हेक्स सी०, बोर्डाकडे पाठवायला हेक्स ४०. आज्ञा इंटरफेससाठी असेल तर सी१ आणि ४१.

आमच्या बोर्डाचा कागद असा होता. पुढची सगळी उदाहरणं यावरच आहेत:

आज्ञा १: तापमान आणि आर्द्रता वाचा. ४ बाइट परत. दोन १६-बिटी आकडे, दोन्ही दहाव्या हिश्शात. म्हणजे ४.२ अंश असेल तर ४२ येणार.
आज्ञा २: किती सेकंदांनी मोजायचं ते ठरवा. सेकंद व्हॅल्यूच्या रकान्यात. माल नाही.
आज्ञा ३: कॅलिब्रेशनचे ८ बाइट बोर्डाकडे.

४. पहिला संवाद पायथॉनमधून

थेट कर्नलमध्ये उडी मारू नका. पायूएसबीच्या कंट्रोल-ट्रान्सफर फंक्शनला क्रमाने द्या: हेक्स सी०, १, ०, ०, ४. सुडोने चालवा, नाहीतर परवानगी नाही म्हणून परत पाठवेल. चार बाइट हातात आले, की बोर्ड आणि कागद दोन्ही खरे आहेत हे कळलं. पुढं ड्रायव्हर चालला नाही तर दोष ड्रायव्हरचाच, फर्मवेअरवाल्याशी भांडण नाही. आमच्याकडे या एका पायरीने घरातली शांतता टिकली. फर्मवेअर बायको लिहिते.

इथं एक सापळा आहे, आत्ताच बघून ठेवा. पायथॉनमध्ये रिक्वेस्ट-टाइप आधी आणि रिक्वेस्ट नंतर द्यायची असते, चिठ्ठीतल्याच क्रमाने. कर्नलच्या फंक्शनांत क्रम उलटा: आधी रिक्वेस्ट, मग रिक्वेस्ट-टाइप. दोन्ही एकेका बाइटचे आकडे, त्यामुळे कंपायलर चकार शब्द काढत नाही. अदलाबदल झाली की सी० नंबरची कुठली तरी आज्ञा १ नंबरच्या टाइपने जाते, आणि बोर्ड बिचारा ‘कळलं नाही’ म्हणतो.

५. ड्रायव्हरचा सांगाडा

हे थोडक्यात, कारण यावर लिहिलेलं भरपूर सापडतं. एक आयडी टेबल लागतं, त्यात यूएसबी_डिव्हाइस मॅक्रोने व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी. प्रोब हे फंक्शन बोर्ड लागला की हाक येण्यासाठी, डिस्कनेक्ट तो उपटला की. ही तिन्ही यूएसबी_ड्रायव्हर या रचनेत नावासकट भरायची आणि मोड्यूल_यूएसबी_ड्रायव्हर या मॅक्रोला द्यायची. मोड्यूल_डिव्हाइस_टेबल ही ओळ विसरू नका. ती नसली तर मोड्यूल हाताने चढवून चालतं, पण बोर्ड लावल्यावर आपोआप चढत नाही, आणि कारण शोधत माणूस संध्याकाळ घालवतो.

प्रोबला इंटरफेस मिळतो. त्यावरून इंटरफेस_टू_यूएसबीडेव्ह वापरून डिव्हाइसचा पॉइंटर काढा, यूएसबी_गेट_डेव्हने धरून ठेवा, स्वतःच्या रचनेत साठवा. त्याच रचनेत एक म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, ठेवा. तो नवव्या पायरीत लागणार आहे.

६. पाठवणं: सेंड

फंक्शनचं पूर्ण नाव यूएसबी_कंट्रोल_एमएसजी_सेंड. त्याला दहा गोष्टी द्यायच्या, याच क्रमाने: डिव्हाइस, एंडपॉइंट, रिक्वेस्ट, रिक्वेस्ट-टाइप, व्हॅल्यू, इंडेक्स, डेटाचा पॉइंटर, साइझ, टाइमआउट, आणि मेमरीचा झेंडा.

मोजण्याचा वेळ ३० सेकंद करायचा, म्हणजे आज्ञा २. तर: डिव्हाइस, ०, २, हेक्स ४०, ३०, ०, नल, ०, १०००, जीएफपी_कर्नल. माल नाही म्हणून डेटा नल आणि साइझ शून्य. काम झालं की ० परत येतं, बिघडलं की ऋण आकडा. बस्स.

कॅलिब्रेशनसाठी आज्ञा ३, डेटाच्या जागी ८ बाइटच्या ॲरेचा पत्ता, साइझ ८. हा ॲरे फंक्शनच्या आत, स्टॅकवर असला तरी चालतो. सेंड आपल्या आत त्याची वेगळी प्रत करून तीच पाठवतं. जुन्या फंक्शनात हे चालत नसे, त्याबद्दल पुढच्या पायरीत.

टाइमआउट मिलिसेकंदांत असतो. कर्नलमध्ये यासाठी ५००० हा तयार आकडा आहे, पण आमचा बोर्ड एवढा आळशी नाही, म्हणून १०००. शून्य देऊ नका. शून्य म्हणजे ‘कधीही उत्तर दे, मी थांबतो’. बोर्ड अडकला की तुमची प्रोसेस अशी थांबते की किल मायनस नऊनेही हालत नाही.

मेमरीच्या झेंड्याबद्दल नवख्यांना एवढंच पुरे: प्रोबमध्ये आणि साध्या वाचन-लेखनात जीएफपी_कर्नल. सस्पेंड, रिझ्यूम किंवा रीसेटच्या वाटेवर जीएफपी_नोआयओ.

आणि ही फंक्शनं झोपतात. उत्तर येईपर्यंत थांबतात, म्हणून इंटरप्टमध्ये, टायमरच्या कॉलबॅकमध्ये किंवा स्पिनलॉक धरून यांना हाक मारायची नाही. तसली गरज पडलीच तर काम वर्कक्यूवर, म्हणजे मागाहून करायच्या कामांच्या रांगेत टाका.

७. घेणं: रिसीव्ह, आणि आमच्या न हाललेल्या आकड्याची गोष्ट

नाव यूएसबी_कंट्रोल_एमएसजी_आरईसीव्ही. दहा गोष्टी त्याच, क्रमही तोच. आज्ञा १ साठी: डिव्हाइस, ०, १, हेक्स सी०, ०, ०, चार बाइटच्या बफरचा पत्ता, ४, १०००, जीएफपी_कर्नल. इथंही बफर स्टॅकवर चालतो. साइझ शून्य किंवा डेटा नल दिला तर मात्र लगेच चूक परत येते. माल घ्यायला निघालाय आणि पोतं नाही, असा प्रकार.

या फंक्शनचा खरा गुण असा: मागितले तेवढे सगळे बाइट आले तरच ० परत येतं. एक जरी कमी आला तर सध्याच्या कर्नलमध्ये ईरिमोटआयओ, म्हणजे उणे १२१.

हा गुण कसा मोलाचा आहे हे मला उशिरा कळलं. सुरुवातीला मी जुनं फंक्शन वापरलं होतं, नुसतं यूएसबी_कंट्रोल_एमएसजी. इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं त्याचीच आहेत. त्याचा व्यवहार वेगळा: बिघडलं तर ऋण आकडा देतं, आणि ठीक चाललं तर किती बाइट हलले तो आकडा. मी तपासत होतो फक्त ‘ऋण आहे का’. ऋण नसलं की बफरमधले चार बाइट उचलायचे आणि तापमान म्हणून वर द्यायचे. बफर प्रोबमध्ये एकदाच घेतला होता आणि प्रत्येक वेळी तोच वापरत होतो. काटकसर!

आता यूएसबीचा नियम असा, की चिठ्ठीत ४ बाइट मागितले तरी बोर्ड कमी देऊ शकतो. तो गुन्हा नाही. लेंग्थ म्हणजे ‘जास्तीत जास्त एवढं’. आमच्या फर्मवेअरमध्ये सेन्सर चिप तयार नसेल तर शून्य बाइट परत द्यायची सोय होती. ती कागदावर लिहिलेली नव्हती. एका रात्री चिप अडकली आणि बोर्ड इमानदारीत शून्य बाइट देत राहिला. जुनं फंक्शन शून्य परत करत होतं. शून्य ऋण नाही. माझा ड्रायव्हर बफरमधला आधीचा आकडा उचलून पुन्हा पुन्हा वर पाठवत होता. पडद्यावर रात्रभर ४.२ अंश.

सकाळी शीतगृहाच्या ऑपरेटरचा फोन आला. “साहेब, तुमचा आकडा हालतंच नाही की. दाराजवळची काचेची नळी आठ दावतीया.” त्याने त्या नळीवर विश्वास ठेवला म्हणून माल वाचला. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक बोर्डासोबत साधा काचेचा थर्मामीटर फुकट जातो.

ही चूक माझी एकट्याची नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २०२० मध्ये ही दोन नवी फंक्शनं कर्नलमध्ये आणली, त्यामागचं मोठं कारण हेच होतं: जुनं फंक्शन वापरणाऱ्या ड्रायव्हरांत कमी बाइट आल्याची तपासणीच नीट होत नव्हती. माझ्याकडे निदान जुनं तापमान दिसलं. बफर नवा, न पुसलेला असता, तर कर्नलच्या मेमरीत पडलेलं दुसरं काहीतरी बाहेर गेलं असतं. ती सुरक्षेची भानगड आहे.

तर नव्या कामात रिसीव्हच वापरा. जुनं फंक्शन एकाच ठिकाणी लागतं: उत्तराची लांबी आधी माहीत नसते तेव्हा, जसं की बोर्डाकडून नाव किंवा सिरियल नंबर असा मजकूर येतो. तिथं कमी बाइट येणं हेच अपेक्षित असतं आणि किती आले तो आकडा तुम्हाला हवा असतो. ते वापरलंच तर तीन गोष्टी सांभाळा. बफर केमॅलॉकने घ्या, स्टॅकवर ठेवू नका, कारण हार्डवेअर त्या जागेत थेट लिहितं आणि आताच्या कर्नलमध्ये स्टॅक त्यासाठी चालेल अशा मेमरीत असतोच असं नाही. दुसऱ्या जागी एंडपॉइंटच्या ऐवजी पाइप द्यावा लागतो: घ्यायला यूएसबी_आरसीव्हीसीटीआरएलपाइप, पाठवायला यूएसबी_एसएनडीसीटीआरएलपाइप. पाइपची दिशा आणि रिक्वेस्ट-टाइपचा वरचा बिट जुळला पाहिजे. आणि परत आलेला आकडा मोजा, नुसता ऋण आहे का बघू नका.

जुन्यावरून नव्यावर येताना उलटा सापळाही आहे. मी एडिटरमध्ये सगळीकडे नाव बदललं आणि ‘परत आलेला आकडा ४ नसेल तर चूक’ ही नुकतीच शहाणपणाने घातलेली अट तशीच राहिली. नवं फंक्शन यशाला ० देतं. त्यामुळे प्रत्येक बरोबर वाचन चूक ठरायला लागलं. अर्धा दिवस बोर्डाला शिव्या घातल्या.

चार बाइट आले. आता त्यांचा आकडा बनवायचा. व्हॅल्यू आणि इंडेक्सचा बाइट-क्रम फंक्शन स्वतः जुळवून घेतं, ते तुम्ही जसेच्या तसे द्यायचे. डेटाला मात्र ते हात लावत नाही. तो लिटल-एंडियन, म्हणजे खालचा बाइट आधी असा असेल तर एलई१६_टू_सीपीयूमधून काढा. इंटेल आणि नेहमीच्या एआरएम मशीनवर हे न करताही चालतं, म्हणून लोक आळस करतात.

आणि तापमान शून्याखाली जातं हे विसरू नका. एलई१६_टू_सीपीयू चिन्ह नसलेला आकडा देतं. उणे अर्धा अंश म्हणजे उणे ५, आणि तो चिन्हाशिवाय वाचला तर ६५५३१ होतो. आमच्या पडद्यावर एकदा शीतगृहाचं तापमान ६५५३.१ अंश आलं होतं. एस१६ मध्ये, म्हणजे चिन्ह असलेल्या १६-बिटी प्रकारात टाकून मग वापरा. एचडब्ल्यूमॉनला तापमान मिलि-अंशांत लागतं, म्हणून दहाव्या हिश्शातल्या आकड्याला १०० ने गुणा: ४२ चे ४२००.

८. ऋण आकडे काय सांगतात

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, परत आलेला आकडा छापायची सवय लावा. ‘एरर’ एवढंच छापून काही कळत नाही. आम्हाला भेटलेले असे:

उणे ३२, ईपाइप. बोर्ड म्हणतो ही आज्ञा मला कळली नाही किंवा मान्य नाही. यालाच स्टॉल म्हणतात. आधी रिक्वेस्ट आणि रिक्वेस्ट-टाइपची अदलाबदल तपासा, मग फर्मवेअर. एंडपॉइंट शून्यवरचा स्टॉल पुढच्या चिठ्ठीने आपोआप सुटतो, त्यासाठी वेगळं काही करायचं नसतं. मी हॉल्ट सोडवायचं फंक्शन घालून बसलो होतो, ते कुठल्याच कामाचं नव्हतं.

उणे ११०, ईटाइम्डआउट. बोर्डाने वेळेत व्यवहार पुरा केला नाही. फर्मवेअर कुठल्या तरी लूपमध्ये अडकलंय, किंवा फ्लॅशमध्ये लिहितंय आणि तुम्ही वेळ कमी दिलाय.

उणे ७१, ईप्रोटो. वायरीवरच गोंधळ. सॉफ्टवेअर बघण्याआधी केबल बदला. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच धरलेली आहे. आमच्या एका जागी इलेक्ट्रिशियनने दोन केबली जोडून आठ-नऊ मीटर केली होती, आणि तीही कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरच्या पॅनेलवरून नेलेली. कॉम्प्रेसर सुरू झाला की उणे ७१. तीन दिवस मी कोड वाचत होतो.

उणे १९, ईनोडेव्ह. बोर्ड उपटला गेला. ही चूक म्हणून ओरडत छापू नका, गपचूप बाहेर पडा.

९. बोर्ड कधीही उपटला जातो

शीतगृहात झाडू मारणाऱ्याच्या हातून, उंदराच्या दातातून, नाहीतर लाइट गेली म्हणून. तुमचं रिसीव्ह चालू असतानाच डिस्कनेक्टची हाक येऊ शकते. नियम एकच: डिस्कनेक्ट परत फिरल्यानंतर त्या बोर्डाला एकही मेसेज जाता कामा नये.

यासाठी पाचव्या पायरीतला म्यूटेक्स. वाचताना म्यूटेक्स घ्या, ‘बोर्ड आहे का’ ही खूण बघा, मग रिसीव्ह, मग म्यूटेक्स सोडा. डिस्कनेक्टमध्ये क्रम असा: आधी एचडब्ल्यूमॉनमधली नोंदणी काढा, मग म्यूटेक्स घेऊन खूण पुसा, सोडा, आणि शेवटी यूएसबी_पुट_डेव्ह. नोंदणी काढताना म्यूटेक्स धरून ठेवू नका. कुणी वाचत असेल तर नोंदणी काढणारा त्याच्यासाठी थांबतो, तो तुमच्या म्यूटेक्ससाठी थांबतो, आणि दोघंही तिथंच. नोंदणीचं डेव्हएम नावाचं सोयीचं रूप आपोआप आवरून घेतं खरं, पण डिस्कनेक्ट संपल्यावर. मधल्या फटीत कुणीतरी वाचायला येतो. इथं हाताने नोंदवा आणि हाताने काढा.

त्याच म्यूटेक्सचा आणखी एक उपयोग आहे. दोन आज्ञा जोडीने द्यायच्या असतील, आधी चॅनेल निवडा आणि मग वाचा अशा, तर दोन्हींच्या मध्ये दुसऱ्याची आज्ञा घुसू नये म्हणून जोडी एकाच कुलपात ठेवा.

१०. काहीच कळेनासं झालं तर यूएसबीमॉन

यूएसबीमॉन हे यूएसबीवरची ये-जा नोंदवणारं कर्नलचंच मोड्यूल. मॉडप्रोबने ते चढवा. डीबगएफएसमध्ये यूएसबी, त्यात यूएसबीमॉन, त्यात प्रत्येक बसच्या फाइली दिसतील. तुमचा बोर्ड ज्या बसवर आहे तिच्या नंबरापुढे यू असलेली फाइल कॅट करा. वायरशार्क असेल तर तिथं हेच नीट रकाने पाडून दिसतं.

प्रत्येक मेसेजच्या दोन ओळी येतात. एसची ओळ म्हणजे चिठ्ठी निघाली, सीची ओळ म्हणजे व्यवहार संपला. त्यापुढे सीआय असेल तर माल येणारा, सीओ असेल तर जाणारा. एसच्या ओळीत छोट्या एस या अक्षरानंतर चिठ्ठीचे पाच रकाने जसेच्या तसे छापलेले असतात. आमच्या वाचनाचे असे दिसतात: सी०, ०१, ००००, ००००, ०००४. हे तुमच्या कागदाशी ताडून बघा. मग सीच्या ओळीत आधी निकाल, ० किंवा ऋण आकडा, आणि त्यानंतर खरोखर किती बाइट आले ते.

आमची ती रात्र मी नंतर टेबलावर पुन्हा घडवून बघितली, चिपची वायर काढून. एसच्या ओळीत ०००४, सीच्या ओळीत निकाल ० आणि बाइटही ०. महिनाभर शोधलेलं उत्तर एका ओळीत छापलेलं होतं, मी ती फाइल उघडलीच नव्हती.

तुमचा ड्रायव्हर चालला असं वाटलं, की गिऱ्हाइकाकडे नेण्याआधी एवढं करा: वाचन लूपमध्ये चालू ठेवा आणि बोर्ड वीस-पंचवीस वेळा उपटा, लावा. फर्मवेअरवाल्याला सांगून मुद्दाम ० बाइट, २ बाइट आणि स्टॉल अशी तिन्ही उत्तरं देणारा बोर्ड बनवून घ्या आणि तो लावून बघा. तिन्ही वेळा पडद्यावर आकडा दिसता कामा नये, रेघ दिसली पाहिजे. आमच्याकडे तो बोर्ड खिडकीत खिळ्याला टांगलाय, वर लाल पेनने ‘खोटा’ असं लिहिलंय.